‘घरच्यासारखी’ म्हणजे दिवसाचे किती तास?

आपल्या समाजातील मुली आता शिक्षणासाठी, कामासाठी परदेशात जाऊ लागल्या आहेत. ही आनंदाची बाब आहे आणि तो आनंद कुणाचा हिरावून घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु विमानतळावर हार घालून मुलीला निरोप दिल्यानंतर तिकडे तिचे नेमके काय होते, हे विचारण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. म्हणूनच आज एका मुलीची हकीकत सांगणार आहे. तिच्या व तिच्या आईच्या परवानगीनेच सांगते आहे. नावे मात्र मुद्दाम देत नाही.

गोष्ट जानेवारी २०२४ ची. नालासोपारा पूर्वेला रात्री साडेनऊच्या सुमारास मी कार्यालय बंद करत होते. एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मूळ गाव परभणी जिल्ह्यातले, राहणे आमच्याच वस्तीत. वसई पश्चिमेच्या इमारतींमध्ये चार घरी धुणीभांडी, लादी आणि एके ठिकाणी स्वयंपाक. सोळा वर्षे हेच काम. वस्तीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

“वकील ताई, पोरीचं बोलणं ऐका. लई रडती. म्या हितं भांडी घासली म्हणून तिला शिकिवलं. ती इटलीला जाऊन बी भांडीच घासती का?”

मुलगी बी.ए. झालेली. इंग्रजी चांगले. वस्तीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ती इटलीतील बोलोन्या या शहरात गेली होती. मुंबईतल्या एका एजंटाने सांगितले होते की, तिकडे एका कुटुंबात राहायचे, त्यांची मुले सांभाळायची, त्यांच्याशी इंग्रजी बोलायचे, आपण इटालियन शिकायचे. राहणे-खाणे फुकट, शिवाय महिन्याला ३०० युरो हातखर्च. व्हिसा विद्यार्थ्याचा, भाषेच्या वर्गाच्या नावावर. एजंटाचे आणि तिकिटाचे मिळून दीड लाख रुपये गेले. त्यातला निम्मा पैसा बचत गटाच्या कर्जाचा. ज्या दिवशी मुलगी गेली त्या दिवशी अक्कांनी कामावर खाडा केला आणि चारही घरांनी त्या दिवसाचे पैसे कापले, हेही मला नंतर कळले.

अशा प्रकारे परक्या कुटुंबात राहणाऱ्या तरुण मुलीला युरोपात ‘ओ पेअर’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. इटालियन भाषेत त्यालाच ‘आल्ला पारी’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, बरोबरीने. म्हणजे ही मुलगी मोलकरीण नव्हे आणि पाहुणीही नव्हे. तिने घरच्यांच्या बरोबरीने राहायचे, घरातील थोड्या कामाला हातभार लावायचा आणि त्या देशाची भाषा व रीतभात शिकायची.

या नात्याला कायद्याचे रूप देणारा एक करार युरोपीय परिषदेने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे केला. इटलीने तो १९७३ मध्ये स्वीकारला. करार छोटा आहे, पण वाचण्यासारखा आहे. मुलीचे वय १७ ते ३० वर्षे. मुदत एक वर्ष, वाढवून जास्तीत जास्त दोन. हक्क आणि कर्तव्ये लेखी स्वरूपात. काम सर्वसाधारणपणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही. शक्य तेथे स्वतंत्र खोली. भाषेच्या वर्गाला पुरेसा वेळ. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी आणि महिन्यातून निदान एकदा ती सुट्टी रविवारी. ठरलेला हातखर्च. नाते तोडायचे असेल तर दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांची सूचना. बरोबरी हा शब्द नुसता उच्चारून ती येत नाही, तास आणि सुट्टी कागदावर लिहावी लागते, हे त्या लोकांना कळले होते.

आता या मुलीचे पहिले दिवस ऐका. ते वाईट नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पहिल्या रात्री जेवणाच्या वेळी ती भिंतीशी उभी राहिली. घरच्या बाईने खुर्ची ओढून दिली, तरी ती बसेना. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर कामाच्या घरी जायची. तिथे आईचा चहा वेगळ्या कपात, तो कप सिंकच्या खाली, आणि उरलेले खायचे ते स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, हे तिने पाहिलेले. जेवणाच्या टेबलाशी आपली जागा असू शकते हे तिच्या अंगाला ठाऊकच नव्हते. ती मला म्हणाली, “मावशी, घास घशाखाली जाईना. कुणी बघतंय का, हेच मी बघत होते.”

तिथली मुले आपल्या आईबापांना एकेरीतच बोलतात. अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला, डॉक्टरला वेगळे आदरार्थी संबोधन असते. घरच्या बाईने पहिल्याच आठवड्यात सांगितले, मला एकेरीत बोल, नावाने हाक मार. ते जमायला तिला दोन महिने लागले. इकडे तिच्या आईला सात वर्षांची पोरे ‘ए, तू’ म्हणतात आणि आई त्या पोरांना ‘बाबा’, ‘दादा’ म्हणते. एकेरी दोन्हीकडे आहे. पण तिथे ते दोन्ही बाजूंनी होते, इथे एकाच बाजूने आहे. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

बाकीचे रुळणे सगळ्यांनाच करावे लागते. सकाळी जेवणासारखा नाश्ता नाही, दुधात किंवा कॉफीत बुडवलेली बिस्किटे. दूध घातलेली कॉफी सकाळीच प्यायची, जेवणानंतर मागितली तर लोक हसतात. दुपारी लहान दुकाने बंद. रात्रीचे जेवण आठ वाजता. भात मिळाला म्हणून ती हरखली, तर तो चिकट, अर्धा कच्चा लागणारा. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना तिथे ‘पेर्मेस्सो’ म्हणतात, म्हणजे येऊ का, परवानगी आहे का. आणि देशात राहण्याच्या परवान्यालाही तोच शब्द. देशात उतरल्यापासून आठ कामाच्या दिवसांत टपाल कार्यालयातून त्याचा अर्ज भरावा लागतो आणि मिळालेली पावती जीवापाड जपावी लागते. तिने ती आईच्या फोटोमागे ठेवली होती.

जातीचे काय, असे वाचक विचारतील. त्या कुटुंबाने कधी विचारले नाही, त्यांना तो शब्दही माहीत नव्हता. विचारले ते भाषेच्या वर्गात भेटलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने, आणि तेही दुसऱ्याच वाक्यात. आधी नाव विचारले, मग पूर्ण नाव. त्यानंतर रविवारच्या त्यांच्या जेवणाचे बोलावणे तिला आले नाही. भारतीय माणूस पृथ्वीवर जिथे जाईल तिथे जात घेऊन जाईल, हा इशारा बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात डॉ. केतकरांचा हवाला देऊन दिलाच होता. इटलीत पंजाबी मजुरांची मोठी वस्ती आहे. त्यांतील रविदासिया समाजाने तिथेही आपली वेगळी गुरुघरे उभारली आहेत. ती का उभारावी लागली असतील, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मूळ मुद्दा मात्र कामाच्या तासांचा आहे. करारात आठवड्याला २० तास लिहिले होते. चार आणि सात वर्षांची दोन मुले. दुपारी शाळेतून आणायची, खेळवायची, अभ्यास, जेवण, झोपवणे. शनिवार-रविवार सुट्टी. नोव्हेंबरपर्यंत हे नीट चालले. नोव्हेंबरमध्ये त्या घरची आजी पडली, मांडीचे हाड मोडले. इस्पितळातून तिला मुलाच्या घरी आणले आणि मुलीच्या शेजारच्या खोलीत ठेवले. रात्री आजीने हाक मारली की उठायचे, शौचाला न्यायचे, औषध द्यायचे. मग सकाळी तिचे अंग पुसणे आले. मग चादरी धुणे आले, इस्त्री आली. मग शनिवारही गेला. भाषेच्या वर्गाला दांड्या पडू लागल्या. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी मारले नाही. प्रत्येक वेळी गोड बोलून सांगितले, ‘तू तर आमच्या घरचीच आहेस.’

हे शेवटचे वाक्य मोबाईलवर ऐकले आणि अक्का एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ताई, आमच्या मॅडम बी हेच म्हणत्यात. सोळा वर्सं झाली, म्या घरचीच हाय.”

बांधवांनो, सांगायचा मुद्दा हाच आहे. वसईच्या टॉवरमध्ये आणि बोलोन्याच्या जुन्या कमानींच्या गल्लीत एकच वाक्य बोलले जाते. मजुराला मजूर म्हटले तर मजुरी द्यावी लागते, तास मोजावे लागतात, सुट्टी द्यावी लागते. घरची म्हटले की यातले काहीच द्यावे लागत नाही. प्रेम खोटे असते असे मी म्हणत नाही. पण त्या प्रेमाचा हिशेब नेहमी एकाच बाजूला जमा का होतो?

मी त्या मुलीशी फोनवर बोलले. माझा पहिला सल्ला वकिलाचा होता. एक वही घे आणि रोज लिही, किती वाजता उठलीस, काय केलेस, किती वाजता संपले. ती म्हणाली, “मावशी, आजी फार चांगली आहे. तीच मला भाषा शिकवते. रात्री तिला मी कशी सोडू?” मी म्हटले, अगं, आजीला सोडू नकोस. फक्त तास मोज.

दोन आठवड्यांची वही तिने फोटो काढून पाठवली. पहिल्या आठवड्याचे ५१ तास, दुसऱ्याचे ५४. रात्री प्रत्यक्ष उठली तेवढाच वेळ धरून. इथे दुसरी अडचण दिसली. विद्यार्थ्याच्या परवान्यावर इटलीत आठवड्याला २० तासच काम करता येते. म्हणजे जास्त राबवले कुटुंबाने, पण परवान्याची मर्यादा मोडली मुलीने! तक्रार करावी तर आपल्यालाच हाकलतील ही तिची भीती. जगभरात स्थलांतरित कामगाराला गप्प ठेवणारी भीती हीच आहे, आणि राबवून घेणाऱ्याला ती पुरती ठाऊक असते.

इटलीच्या कायद्याची वकिली मी करू शकत नाही. परंतु तिथल्या कामगार संघटनांची ‘पात्रोनातो’ नावाची मदत कार्यालये असतात आणि तिथे फुकट सल्ला मिळतो, एवढे शोधून काढले. मुलगी करार आणि वही घेऊन तिथे गेली. तिथल्या बाईने वही चाळून तिला सांगितले की, तू करतेस त्याला आमच्याकडे नाव आहे, ‘बादान्ते’, म्हणजे वृद्धांची देखभाल करणारी. त्याचा पगार वेगळा, रात्रीच्या कामाचा हिशेब वेगळा. ओ पेअरच्या हातखर्चात तो बसत नाही.

मग तिने ती वही त्याच जेवणाच्या टेबलावर ठेवली. घरच्या बाईला वाईट वाटले. “पण आम्ही तर तुला घरची मानतो,” ती म्हणाली. मुलीने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये उत्तर दिले, “घरची मुलगी असते तर परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही मला झोपू दिले असते.” घरात दोन दिवस कुणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी वहीतली बेरीज स्वतः करून पाहिली. महिन्याभरात आजीसाठी मोल्दोव्हा देशातील पन्नाशीची एक बाई रीतसर करार करून ठेवली आणि मुलीचे तास पुन्हा २० वर आले. मागच्या तासांचे मात्र पूर्ण पैसे मिळाले नाहीत. ४०० युरो ‘भेट’ म्हणून दिले. मी म्हटले, ही भेट नव्हे, तुझी मजुरी आहे आणि तीही अर्धवट आहे. पण आणखी ताणायची तिची तयारी नव्हती. अशीला पुढे वकिलाने हट्ट धरायचा नसतो. ते पैसे बुडाले, असेच मी आजही म्हणेन.

त्या मोल्दोव्हाच्या बाईकडून मुलगी पुष्कळ शिकली. घरात राहणाऱ्या कामगाराला इटलीच्या राष्ट्रीय सामूहिक करारानुसार आठवड्यात जास्तीत जास्त ५४ तास काम. आठवड्याला ३६ तास विश्रांती, त्यातला रविवार पूर्ण आणि दुसऱ्या एका दिवशी अर्धा. वर्षाला २६ दिवसांची भरपगारी रजा. डिसेंबरमध्ये तेरावा पगार. काम सुटताना साठलेली रक्कम. घरकामगारांसाठी इटलीत १९५८ पासून स्वतंत्र कायदा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा ठराव संमत केला. तो मंजूर करणारा युरोपीय संघातील पहिला देश इटली, जानेवारी २०१३ मध्ये. भारताने २०११ साली त्याच्या बाजूने मत दिले, पण मंजुरी आजवर दिलेली नाही.

याचा अर्थ इटली म्हणजे स्वर्ग असा कुणी घेऊ नये. तिथेही असंख्य घरकामगार नोंदणीशिवाय राबतात. १७ जून २०२४ रोजी लातीना या भागात शेतावर काम करताना सतनाम सिंग या ३१ वर्षांच्या भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला इस्पितळात नेण्याऐवजी राहत्या घराजवळ टाकून देण्यात आले. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याकडे कामाचा कसलाही करार नव्हता. या मृत्यूच्या निषेधार्थ तिथे मोर्चे निघाले, तेव्हा आपली मुलगी बोलोन्यातच होती. ती म्हणाली, “मावशी, माझ्याकडे कागद होता, त्याच्याकडे नव्हता.”

हे कागदही तिथे कुणी दयेने दिलेले नाहीत. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भातशेती आहे. गुडघाभर पाण्यात वाकून तण काढणाऱ्या तिथल्या बायकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संप केले. बोलोन्याजवळचे मोलिनेल्ला गाव त्यासाठी गाजले. व्हर्चेल्ली भागातील बायकांनी १९०६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला. आपल्या पालघर जिल्ह्याला हे परके वाटू नये. १९४५ साली याच मातीत वारली आदिवासींनी जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठाव केला होता. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणे हीसुद्धा वेठबिगारीच आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आला. पण कारखान्याच्या दारात येऊन थांबलेले हे तास अक्कांच्या चार घरांपर्यंत अजून पोहोचलेले नाहीत. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाचा कायदा आहे. त्यात प्रसूतीची मदत आहे, अंत्यविधीची मदत आहे. साप्ताहिक सुट्टी आणि कामाचे तास त्यात नाहीत. म्हणजे मेल्यावर मदत, पण जिवंतपणी रविवार नाही! २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. नागपूरला डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेने ही मागणी कित्येक वर्षांपासून लावून धरली आहे. पण आपल्या किती सभांमध्ये तिच्यावर ठराव झाले?

जुलै २०२४ मध्ये मुलगी परत आली. भाषेची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली होती. आल्यावर चार दिवसांनी अक्कांना ताप आला, म्हणून बदली ती कामाला गेली. काम झाल्यावर त्या घरी तिला चहा मिळाला. कप सिंकच्या खालचा. तिने तो घेतला नाही आणि बाहेर आली. आपल्याला इथे बाबासाहेब आठवतात. १९१३ ते १९१७ या काळात अमेरिकेत व इंग्लंडमध्ये राहून आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच राहायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदवले आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला. आता राहायला जागा मिळते, कप मात्र सिंकखालीच आहे.

त्या रात्री मुलीने आईपुढे कोरी वही ठेवली. अक्कांना लिहिता येत नाही. मुलीने रोज विचारून लिहिले. चार घरांचे मिळून दिवसाला साडेनऊ तास आणि वर्षभरात एकही साप्ताहिक सुट्टी नाही. दिवाळीनंतर अक्का चारही घरी जाऊन म्हणाल्या, रविवारी येणार नाही आणि पैसे कापायचे नाहीत. दोन घरांनी मान्य केले. एका घराने महिन्यात दोन रविवार दिले. चौथ्या घराने दुसरी बाई ठेवली. जिथे सोळा वर्षे त्या ‘घरच्याच’ होत्या ते हेच घर. चार महिने घरात पैशाची ओढाताण झाली. हे मी झाकून ठेवत नाही, कारण हक्क मागण्याची किंमत असते आणि ती गरिबालाच आधी मोजावी लागते.

ज्या पालकांच्या मुली बाहेर जाणार आहेत, त्यांना चार गोष्टी सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि इटलीमध्ये स्थलांतराबाबत करार झाला आहे, तेव्हा जाणाऱ्यांची संख्या वाढेलच. इटली इमिग्रेशन तपासणीच्या देशांच्या यादीत नाही आणि दहावी झालेल्यांना ती तपासणीही लागत नाही. म्हणजे जाताना सरकार काही विचारणार नाही, आपणच विचारले पाहिजे. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते आणि तो ३० हजार रुपये व कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. ही अट चुकवण्यासाठीच अनेक जण ‘विद्यार्थी व्हिसा’, ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असे शब्द वापरतात. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटाचे नाव आहे का ते पाहा. करार आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागा. तास, खोली, सुट्टी, हातखर्च, आजारपणाचा विमा आणि सूचना, ही सहा कलमे नसतील तर सही करू नका. पासपोर्ट कुणाच्या हातात ठेवायला देऊ नका. परतीच्या तिकिटाचे पैसे इकडे बाजूला ठेवा, म्हणजे मुलीला ‘मी येते’ म्हणता येईल. रोमला भारताचा दूतावास आहे, मिलानला वाणिज्य दूतावास आहे, आणि हिंसाचाराला तोंड देणाऱ्या बाईसाठी इटलीत १५२२ हा फुकट क्रमांक आहे. आणि पहिल्या दिवसापासून वही लिहा.

शेवटी एक जुनी आठवण. आमचे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. इथून रोमन जगाशी व्यापार चालत असे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. याच शूर्पारकाचा व्यापारी पूर्ण, जो पुढे भिक्खू झाला, त्याची कथा दिव्यावदानात आहे. आपण पूर्णाची कथा अभिमानाने सांगतो. पण तो घरातल्या दासीचा मुलगा होता, हे किती जण सांगतात? घरधनी आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी पाठ फिरवली आणि त्याची शुश्रूषा केली ती या दासीने. पूर्णाचे नाव राहिले. त्या बाईची ओळख दासी एवढीच राहिली.

गेल्या महिन्यात एका रविवारी अक्का, मुलगी आणि मी त्या स्तूपापाशी गेलो होतो. सोळा वर्षे नालासोपाऱ्यात राहून अक्का तिथे पहिल्यांदाच आल्या. कारण विचारायची गरज नाही, त्यांना रविवारच नव्हता. मी पूर्णाच्या आईची गोष्ट सांगितली. अक्कांनी विचारले, “तिला सुट्टी असंल का वो?” मला उत्तर देता आले नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आया याच कामावर राबल्या. आज आपल्यापैकी पुष्कळांनी फ्लॅट घेतले, नोकऱ्या आल्या, आणि आपल्याही घरी कामाला बाई येते. माझ्याही येते. सहा वर्षे ती येत होती आणि वकील असूनही मी तिच्याशी एक ओळ लेखी केली नव्हती. ‘ती घरच्यासारखीच आहे’ असे मीही पाहुण्यांना सांगत होते. त्या रविवारी घरी आल्यावर मी कागद काढला. त्यावर तिचे तास, तिचा पगार, दरवर्षीची वाढ आणि रविवारची सुट्टी लिहिली, आणि दोघींनी सह्या केल्या. कप पूर्वीपासून एकच होता, पण तेवढ्याने भागत नाही हे मला बोलोन्याच्या वहीने शिकवले.

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा कदाचित स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत असेल. उठा आणि त्या ताईंना विचारा, तुमची सुट्टी कोणत्या दिवशी? त्यांनी सांगितलेला दिवस कागदावर लिहा.

जयभीम.